पारपत्रातील नाव : दुरुस्ती, बदल आणि अर्जाचा नमुना

शासकीय अर्जाचा नमुना हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो असे सहसा कोणास वाटत नाही. कायदा विधिमंडळात होतो, त्याचा अर्थ न्यायालयात लागतो, आणि अर्ज हा केवळ अंमलबजावणीचा कागद, अशी समजूत रूढ आहे. परंतु सामान्य नागरिकाची कायद्याशी गाठ पडते ती बहुधा या कागदावरच. रकान्यात जे मावते तेवढेच शासनास कळते. जे मावत नाही ते खरे असूनही नोंदीबाहेर राहते. पारपत्रातील नावासंबंधीच्या अर्जाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

भारतात हा नमुना नियमांचाच भाग आहे. पारपत्र अधिनियम, १९६७ याच्या कलम ५ प्रमाणे अर्ज विहित नमुन्यात करावा लागतो, आणि ते नमुने पारपत्र नियम, १९८० यांच्या तिसऱ्या अनुसूचीत दिलेले आहेत. साहजिकच नमुन्यात फेरफार करणे म्हणजे नियमांत सुधारणा करणे होय. तशी अधिसूचना राजपत्रात निघते आणि कलम २४ अन्वये संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवली जाते. अर्जातील उत्तरांनाही तितकेच वजन आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा कलम १२ प्रमाणे अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. म्हणूनच रकान्यातील प्रश्न संदिग्ध असला, तर त्याचा धोका उत्तर देणाऱ्यावर येतो.

नावाच्या बाबतीत ही संदिग्धता दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्यामुळे उद्भवते. दुरुस्तीमध्ये नाव पूर्वीपासून एकच असते. नोंद चुकलेली असते. बदलामध्ये नोंद त्या वेळेपुरती बिनचूक असते. नाव मागाहून पालटलेले असते. दोहोंच्या पुराव्याची दिशाही निराळी. दुरुस्ती मागणाऱ्याने मागे जावयाचे असते : जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुने कागद. बदल सांगणाऱ्याने एखाद्या विशिष्ट तारखेकडे बोट दाखवावयाचे असते : विवाह, घटस्फोट, राजपत्रातील प्रसिद्धी, वृत्तपत्रातील जाहिरात. जाहिरातीचा हेतू असा की, त्या व्यक्तीशी व्यवहार करणाऱ्यांना नव्या नावाची वार्ता मिळावी. आता 'वाघ' हे आडनाव रोमन लिपीत 'डब्ल्यू'ने लिहावे की 'व्ही'ने, याविषयी शाळेचा दाखला आणि पारपत्र यांत तफावत पडली, तर त्या गृहस्थाने नाव बदलले असे कोणी म्हणणार नाही. घरात, गावात, सातबाऱ्यावर तो वाघच आहे. तथापि भारतीय पद्धतीत दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज नाही. दोन्ही प्रकार 'पुन्हा पारपत्र देणे' या एकाच सदराखाली, 'वैयक्तिक तपशिलात बदल' या कारणात जातात.

अर्जात नावासंबंधी आणखी दोन प्रश्न असतात : अन्य कोणत्या नावाने आपण ओळखले जाता काय, आणि आपण कधी नाव बदलले आहे काय? महाराष्ट्रातील विवाहित स्त्रीने यांचे उत्तर काय द्यावे? मराठी नामपद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. रूढीप्रमाणे विवाहानंतर यांतील शेवटचे दोन पालटतात, आणि ज्या घरांत सासरी नवे नाव ठेवण्याची चाल होती तेथे तिन्ही. माहेरी जुन्या नावाने हाक मारली जाते, ती काही टोपणनाव म्हणून नव्हे. बदल झाला हे खरे. पण तो एका कुळाचाराचा परिणाम आहे, आणि त्या क्षणी आपण 'नाव बदलण्याचे' कृत्य करीत आहोत असे त्या स्त्रीस वाटलेलेही नसते.

तीन भागांचे हे नाव पारपत्रात दोनच रकान्यांत बसवावे लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा ९३०३ क्रमांकाचा दस्तऐवज यंत्रवाच्य पारपत्राचे स्वरूप ठरवितो. त्यानुसार नावाचे 'मुख्य' आणि 'गौण' असे दोन घटक मानले जातात. पारपत्राच्या यंत्रवाच्य पट्टीतील पहिल्या ओळीत चव्वेचाळीस जागा असून पाच जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांकडे गेल्यावर नावासाठी ३९ उरतात. भारतीय अर्जात 'आडनाव' आणि 'दिलेले नाव' असे रकाने त्यामुळेच आहेत. वडिलांचे वा पतीचे नाव 'दिलेल्या' नावात जाऊन बसते, जणू ते बारशालाच ठेवले होते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ पासून पारपत्रावर एकच नाव असलेल्या प्रवाशांस पर्यटन व भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारला, तेव्हा रिकाम्या रकान्याची किंमत विमानतळावर मोजावी लागली.

नमुना अपरिवर्तनीय नसतो, हे २०१६ साली दिसून आले. वडिलांनी टाकून दिलेल्या एका मुलीच्या अर्जावर पित्याचे नाव लिहिण्याचा आग्रह धरण्यात आला. तिची २००५ व २०११ ची पारपत्रे मात्र त्या नावावाचूनच निघाली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या मे महिन्यात निर्णय दिला, की ही कायद्याची आवश्यकता नसून केवळ कार्यपद्धतीतील औपचारिकता आहे. पुढे २३ डिसेंबर रोजी परराष्ट्र मंत्रालयाने सुधारणा जाहीर केल्या. आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले. विभक्त वा घटस्फोटित व्यक्तींवरील जोडीदाराचे नाव देण्याची सक्ती गेली. विवाहाच्या दाखल्याची अट निघाली. जोडपत्रांची संख्या १५ वरून ९ वर आली आणि ती साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने देता येऊ लागली. अधिनियमातील एकही शब्द न बदलता अनेक स्त्रियांच्या वाटेतील अडसर दूर झाला. ही सुधारणा नमुन्याची होती, आणि म्हणूनच तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले असावे.

अमेरिकेत हाच विषय वेगळ्या रीतीने हाताळला जातो. तेथे 'डीएस-५५०४' नावाचा स्वतंत्र अर्ज आहे. छपाईची किंवा तपशिलाची चूक सुधारणे, पारपत्र मिळाल्यापासून वर्षाच्या आत झालेला नावाचा बदल नोंदविणे आणि मर्यादित मुदतीचे पारपत्र बदलून घेणे ही त्याची कामे. नेहमीचे पारपत्रशुल्क त्यास पडत नाही. दुरुस्ती आणि बदल तेथेही एकाच कागदावर आहेत, परंतु त्यांसाठी जोडावयाचा पुरावा वेगवेगळा सांगितलेला आहे. नमुन्यात फेरफार करण्याची रीत तर विशेष लक्षणीय आहे. १९८० चा आणि १९९५ मध्ये सुधारलेला कागदी कामकाज घटविण्याचा कायदा असे बंधन घालतो, की खात्याने प्रथम ६० दिवस आणि नंतर ३० दिवस जनतेची मते मागवावीत व अर्ज भरण्यास नागरिकांचे एकूण किती तास खर्ची पडतील याचा अंदाज प्रसिद्ध करावा. संमती फार तर तीन वर्षांची. वैध नियंत्रण क्रमांक नसलेला अर्ज भरला नाही म्हणून कोणास दंड करता येत नाही. भारतीय अधिनियमाच्या कलम २४ मध्ये मसुदा आगाऊ लोकांपुढे मांडण्याचे असे बंधन नाही. नागरिकाच्या वेळेची गणती तर दूरच. संसदेपुढे नियम येतात ते झाल्यानंतर, आणि रकान्याच्या शब्दयोजनेवर तेथे खल होण्याचा संभव अल्प.

दरम्यान नव्या नावांची पिढी येत आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये असे ठरविले, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंद व्हावी. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत प्रचलित पद्धती कायम ठेवण्यात आली. ही मुले पारपत्रासाठी अर्ज करतील तेव्हा त्यांच्या जन्मदाखल्यावर चार शब्द असतील आणि अर्जावर रकाने दोनच. आईचे नाव 'दिलेल्या' नावात घातले तर ३९ जागांपैकी कितीशा उरतील, आणि थोरल्या भावंडाच्या पारपत्रावर ते नसेल तर धाकट्याचे नाव एकाच घरातील असूनही वेगळ्या घडणीचे दिसेल, या प्रश्नांना सध्याच्या नमुन्यात रकाना नाही.