एक पाय, चार ब्रेक

पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरत होतो. वळण संपता संपता समोर म्हैस उभी, आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. पायाखाली पेडल टरटरायला लागलं, बॉनेटखालून खरखर ऐकू आली. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला. म्हैस आपणहून बाजूला झाली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी नेली, तर मिस्त्री म्हणाले, "काही तुटलं नाही साहेब. एबीएस चालू झालं होतं. नेमका तेव्हाच पाय उचलायचा नसतो."

त्या एका वाक्यामुळे मी या यंत्रणेच्या मागे लागलो.

सगळी गोष्ट सुरू होते टायर आणि रस्ता जिथे भेटतात तिथे. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. वेग घेणं, थांबणं, वळणं, सगळं त्या चार तळहातांच्या जोरावर चालतं. ब्रेक लागतो तेव्हा चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडं हळू फिरायला लागतं. हा फरक साधारण दहा ते वीस टक्के असतो तेव्हा पकड सर्वांत जास्त मिळते. त्यापलीकडे गेलं की चाक जाम होतं आणि रबर रस्त्यावरून नुसतं घासत जातं. मग गाडी थांबायला तर जास्त अंतर लागतंच, शिवाय जाम झालेलं पुढचं चाक वळवलं तरी गाडी वळत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं आणि गाडी सरळ दरीकडे, असं होतं ते यामुळेच.

एबीएसचं काम एवढंच, चाक जाम होऊ न देणं. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या बॉश कंपनीने तिचं पेटंट 1936 मध्येच घेतलं होतं. 1950च्या दशकात डनलॉपची मॅक्सारेट ही यांत्रिक यंत्रणा विमानांच्या चाकांवर बसली, आणि 1966 मध्ये ती जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत आली. खरा अडसर मेंदूचा होता. चाकांचा वेग सतत मोजायचा, ब्रेकचा दाब सोडायचा आणि परत भरायचा, तेही सेकंदात अनेकदा. बॉशच्या सुरुवातीच्या नमुन्यात त्यासाठी सुमारे एक हजार इलेक्ट्रॉनिक भाग लागत होते. डिजिटल तंत्र आल्यावर ते 140 वर आले आणि 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस विकत मिळू लागलं.

रचना ऐकायला सोपी आहे. प्रत्येक चाकाच्या हबवर दात्यांची एक रिंग असते आणि तिच्याजवळ एक सेन्सर. दाते समोरून जातात तसे ठोके पडतात. ठोके मोजले की चाकाचा वेग कळतो. अलीकडे बऱ्याच गाड्यांत दाते जाऊन बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी आली आहे. म्हणूनच नवीन बेअरिंग कुणी उलटं बसवलं की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि मालक बिचारा सेन्सर बदलत बसतो. एखादं चाक जाम व्हायला लागलं की बॉनेटखालचा व्हॉल्व्हचा ठोकळा त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतो, धरतो, पुन्हा वाढवतो. सोडलेलं ब्रेक ऑइल पंप मागे ढकलतो, त्याचीच टरटर पायाला जाणवते. ती टरटर बिघाडाची खूण नव्हे. यंत्रणा काम करते आहे, असा तिचा अर्थ.

आता ट्रॅक्टरकडे येऊ, कारण पुढचं सगळं तिथे डोळ्यांनी दिसतं. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या मागच्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रस्त्यावर चालवताना ती कडीने जोडून ठेवायची. शेतात बांधापाशी आल्यावर कडी काढायची, डावीकडे वळायचं असेल तर नुसता डावा ब्रेक दाबायचा. डावं चाक थबकतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती जागच्या जागी फिरतो. बैलगाडीवालाही हेच करतो. वळायचं त्या बाजूच्या बैलाचा कासरा आवळायचा. एका बाजूला आवर घालून आख्खं धूड वळवता येतं, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

चिखलातही तेच. ट्रॅक्टरचं एक चाक रुतून गरगर फिरायला लागलं की दुसरं, कोरड्यावरचं चाक हात बांधून उभं राहतं. इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा डिफरन्शिअल दोघांनाही सारखाच जोर देतो. चिखलातल्या चाकाला जोर घेताच येत नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. जाणता ड्रायव्हर फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबतो, की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. मोटारीतलं ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे हेच. एबीएसच्याच सेन्सरांवरून त्याला कळतं की एक चाक फुकट फिरतंय. मग ते त्याच चाकाला ब्रेक लावतं आणि सोबत इंजिनचा जोरही कमी करतं.

मोटारीच्या ड्रायव्हरला मात्र एकच पेडल आणि एकच पाय. एका चाकाला वेगळा ब्रेक लावायची सोय त्याला नाही. ती सोय 1995 मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी मिळून दिली: ईएसपी, म्हणजे आज ज्याला आपण ईएससी, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतो ते. बॉशमधल्या त्या कामाचे प्रमुख अँटोन व्हॅन झांटेन या डच अभियंत्याला 2016 मध्ये युरोपीय इन्व्हेंटर पुरस्कारात जीवनगौरव मिळाला. माझ्या मते सीटबेल्टनंतर मोटारीत आलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

ईएससी दोन गोष्टींची तुलना करतं. ड्रायव्हरला कुठे जायचंय, हे स्टिअरिंगच्या कोनावरून कळतं. गाडी खरंच कुठे चालली आहे, हे कळतं गिरकी मोजणाऱ्या आणि आडवा ओढा मोजणाऱ्या सेन्सरवरून. बॉशच्या मते ही तुलना सेकंदाला 25 वेळा होते. डाव्या वळणावर गाडीचं नाक बाहेर पळायला लागलं, तर आतलं मागचं चाक आवळलं जातं, अगदी ट्रॅक्टरसारखं. उलट शेपूट बाहेर फेकलं जायला लागलं, तर बाहेरचं पुढचं चाक आवळून गिरकी मोडली जाते. ड्रायव्हरला एक हलका झटका जाणवतो आणि डॅशबोर्डवर नागमोडी रेघांची गाडी लुकलुकते. बऱ्याचदा तेवढंही लक्षात येत नाही.

सुरुवातीला हे महागड्या गाड्यांचं लेणं होतं. ते साध्या गाडीत आलं एका फजितीमुळे. 1997 च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या 'टेक्निकेन्स व्हार्ल्ड' मासिकाने मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास अचानक आडव्या येणाऱ्या प्राण्याला चुकवण्याच्या चाचणीत पळवली आणि ती उलटली. स्वीडनमध्ये तो प्राणी एल्क, आपल्याकडे म्हैस. कंपनीने गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं. मग बाकीच्यांना मागे राहता येईना. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून हलक्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, युरोपात 2014 पासून सर्व नव्या मोटारींना. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या अभ्यासात, एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका ईएससीमुळे जवळपास निम्मा झालेला दिसला.

आपल्याकडे मोटारींना एबीएस एप्रिल 2019 पासून सक्तीचं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत वरचे तारे मिळवायचे तर ईएससी लागतं. गाडी घ्यायला जाणारे लोक सनरूफ आहे का ते आधी विचारतात. मी हात जोडून सांगेन, ईएससी आहे का ते आधी विचारा. कोकणातल्या लाल चिखलाच्या साइडपट्टीवर डावी दोन चाकं उतरतात आणि उजवी दोन डांबरावर राहतात, तेव्हा सनरूफ कामाला येत नाही.

पण या यंत्रणेकडून काय मागायचं हेही कळायला हवं. ती पकड वाटून देते, नवी तयार करत नाही. गुळगुळीत झालेल्या टायरला ती नक्षी देऊ शकत नाही. वेग 60 ऐवजी 80 असेल तर थांबायला जवळजवळ पावणेदोनपट अंतर लागणारच. वेगाचा वर्ग चुकवता येत नाही. सुट्या खडीवर तर जाम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग करून कधीकधी लवकर थांबतं आणि एबीएसला जास्त अंतर लागतं. पण तिथेही स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. रुतलेली गाडी काढताना चाक थोडं फिरू द्यावं लागतं, म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण दिलेलं असतं. बाहेर पडल्यावर ते लगेच पुन्हा चालू करायचं.

आणि ड्रायव्हरने करायचं ते एवढंच: ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि जिथे जायचंय तिकडे स्टिअरिंग वळवायचं. यंत्रणा तुमचा हेतू स्टिअरिंगवरूनच वाचते. घाबरून दरीकडे वळवलं, तर तिला तोच हेतू वाटणार.

यंदा जूनमध्ये लेकीचं लायसन्स आलं. पहिला पाऊस पडल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो. चाळीसचा वेग घ्यायचा आणि मी हात खाली केला की ब्रेक पूर्ण दाबायचा, असं ठरलं. पहिल्यांदा पेडल टरटरलं तसा तिने पाय काढला. दुसऱ्यांदाही काढला. तिसऱ्या खेपेला ओठ घट्ट मिटून तिने पेडल दाबून धरलं, आणि गाडी मी रोवलेल्या काठीला वळसा घालून थांबली.