उंची वाढत नाही? पोळी बंद करायच्या आधी हे ऐका

माझा भाचा आठ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. आई म्हणायची, "आपल्याकडे सगळे उशिराच वाढतात." पोटाची तक्रार काहीच नाही. पण डॉक्टरांनी ग्रोथ चार्ट काढला, तर रेषा दोन वर्षं खाली घसरत आलेली. त्यांनी सिलिॲकची रक्ततपासणी लिहून दिली.

या आजारात गहू, जव यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्न नीट शोषलं जात नाही. कधीकधी खुंटलेली उंची हीच एकमेव खूण असते.

ताईने कुठलीतरी रील बघून लगेच पोळी बंद करायचं ठरवलं. मी कोड लिहिणारा माणूस. म्हटलं, थांब! बग पकडायचा तर तो आधी दिसायला हवा ना? टीटीजी-आयजीए टेस्ट अँटिबॉडी शोधते. गहू सोडला की त्या कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. सोबत टोटल आयजीएही बघतात, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली टेस्ट फसते.

भाच्याची पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपी, बायोप्सी. आता ज्वारी, नाचणी, भात. हिंगही बदलला, बऱ्याच डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, हे मला तेव्हाच कळलं. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण सहा महिन्यांत चार सेंटिमीटर वर सरकलीय.