‘पाहा’ म्हणणारी कार्डं

मावळातल्या एका वाचनालयाने या उन्हाळ्यात कार्डांचं कपाट मोडीत काढलं. सागवान चांगलं होतं, त्याला गिऱ्हाईक मिळालं. कार्डं रद्दीच्या भावाने गेली. विचारल्यावर उत्तर मिळालं, आता सगळं संगणकावर आहे. ते खरं नाही. संगणकावर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, किंमत आणि दाखल क्रमांक एवढंच आहे. कपाटात याहून पुष्कळ अधिक होतं, आणि जे गेलं त्याबद्दल कोणाला हळहळ वाटलेली दिसली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधीच्या काळाबद्दल लांबण लावत नाही. पुण्यात 1848 साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, तीच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. पुढे गावोगाव वाचनालयं झाली आणि छापील याद्यांवर किंवा हाताने लिहिलेल्या वह्यांवर त्यांचं काम भागलं. 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, मग वर्ग आले, अनुदान आलं, तपासण्या आल्या. दाखल नोंदवह्या नीटनेटक्या झाल्या. पण दाखल नोंदवही पुस्तक कधी विकत घेतलं ते सांगते. वाचकाला हवं ते पुस्तक कुठे आहे, हे तिच्यातून कळत नाही.

मला सांगायचं आहे ते 1980 नंतरच्या दशकाबद्दल. आमच्या याच वाचनालयाला तेव्हा ग्रंथपाल म्हणून एक बाई होत्या. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची कार्डं, खालच्या भोकातून जाणारी पितळी सळई आणि बाईंचं गोल, सरळ अक्षर. प्रत्येक पुस्तकाची किमान तीन कार्डं होत: लेखकाचं, नावाचं आणि विषयाचं. बाई चौथं कार्ड लिहीत आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं. त्यावर पुस्तक नसे, नुसता रस्ता असे. ‘गोनीदा, पाहा दांडेकर, गोपाळ नीलकंठ’. ‘कुसुमाग्रज, पाहा शिरवाडकर, विष्णु वामन’. ‘गुणे, जगन्नाथ गणेश, पाहा कुवलयानंद, स्वामी’.

हे शेवटचं कार्ड लोणावळ्याच्या माणसाला तरी ठाऊक हवं. 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद म्हणजेच पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांच्याबद्दलची जुनी चरित्रपर माहिती शोधायची तर दोन्ही नावं हवीत. आणि योगावरची पुस्तकं एका कपाटात कधीच नसतात. ड्यूईच्या दशांश पद्धतीत योगाचं तत्त्वज्ञान 181.45 ला जातं आणि आसनं-प्राणायाम 613.7046 ला, म्हणजे थेट आरोग्याच्या पुस्तकांत. एका कपाटापुढे उभं राहून ‘इथे काही नाही’ म्हणत परतलेले वाचक मी पाहिले आहेत. बाई त्यांना हाक मारून दुसरा खण दाखवत.

पण त्या कपाटाचा खरा जीव ‘मावळ’ असं नाव लावलेल्या खणात होता. मावळाशी नातं सांगणारी प्रत्येक गोष्ट त्यात येई, मग पुस्तकाच्या नावात मावळ असो वा नसो. तळेगावात राहिलेल्या गोनीदांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी राजमाचीवर घडते आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंग किल्ल्याच्या परिसरात. एकीच्या नावात राजमाची नाही, दुसरीच्या नावात तुंग नाही. राजमाचीवर काय लिहिलं गेलं आहे ते पाहू, असं म्हणत तेवढाच शब्द संगणकात घालणाऱ्याला बुधा भेटत नाही. बाईंच्या खणात तो भेटत असे.

तीच गोष्ट कार्ल्याच्या लेण्यांची. दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1955 साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला, त्याचं शीर्षक आहे ‘धेनुकाकट’. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांचं म्हणून येणारं हे गाव. शीर्षकात कार्ल्याचा उल्लेख नाही आणि निबंध आला तो नियतकालिकात. बाईंनी त्याचंही कार्ड केलं होतं. शिवाय कोसंबी दोन. वडील धर्मानंद दामोदर, पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक. मुलगा दामोदर धर्मानंद, गणिती आणि इतिहासकार. बौद्ध लेण्यांचा शोध घेणारा हमखास वडिलांच्या कार्डांवर जाऊन अडकतो. दोन्ही नावांच्या कार्डांवर बाईंनी लाल शाईने ‘हेही पाहा’ लिहून ठेवलं होतं.

त्या वर्षांत मी लोणावळा लोकलने पुण्याला जायचो, तिथल्या ग्रंथालयांच्या खणांपुढे तासन्‌तास उभा असायचो. सूची शोधण्याची शिस्त मी तिथे शिकलो आणि ती आजही तशीच लागू आहे. आडनाव आधी, पण संतांना आडनाव नाही, ज्ञानेश्वर ‘ज्ञ’मध्येच. टोपणनाव आणि खरं नाव, दोन्ही पाहायचं. गावाच्या नावाने काही मिळालं नाही तर तालुका, मग जिल्हा. मावळाची सर्वांत भरघोस जुनी माहिती 1885 साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे, ते तीन भागांत आहे आणि त्याची नोंद मावळखाली नाही, ‘पूना’खाली आहे. एक पुस्तक सापडलं की त्याचा वर्गांक टिपून घ्यायचा आणि त्याच अंकाखाली आणखी काय आहे ते पाहायचं. जिथे सूची संपते तिथे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडायची. 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950 अशा तिच्या दोन खंडांत मराठी छापील पुस्तकांचा विषयवार धांडोळा आहे. ती चाळायला न शिकलेला माणूस मराठीत संशोधन कसं करतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मग संगणक आले. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. ज्यांनी घाईने कार्डांवरची अर्धीच माहिती टंकून ‘काम झालं’ म्हटलं, त्यांच्याविरुद्ध आहे. सुरुवातीला नोंदी ज्या मराठी फॉन्टमध्ये टंकल्या, तो फॉन्ट नव्या यंत्रावर नव्हता आणि पडद्यावर नुसती खूणचिन्हं उमटली. ते निस्तरताना बऱ्याच ठिकाणी रोमन लिपीत नोंदी केल्या गेल्या, ज्याने टंकल्या त्याच्या स्पेलिंगने. विषयाचा रकाना रिकामा सोडला, कारण विषय ठरवायला पुस्तक उघडावं लागतं. ‘पाहा’ कार्डांचं काय करायचं हे तर कोणी विचारलंच नाही.

आता युनिकोड आहे, नोंदी पुन्हा देवनागरीत होत आहेत, तरी अडचण संपलेली नाही. नीलकंठ, निलकंठ, नीळकंठ, निळकंठ. ‘गो. नी.’ सुटं आणि ‘गो.नी.’ जोडून. ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि यंत्राला वेगळा वाटतो. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 सालचे. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आहेत आणि टंकणाऱ्याने ते कधी ठेवले, कधी गाळले. म्हणून पूर्ण नाव घालू नका. शब्दाचा जेवढा भाग कोणत्याही लेखनपद्धतीत बदलणार नाही तेवढाच घाला आणि पुढे तारा (*) द्या. बहुतेक प्रणालींत तो चालतो. लेखकाच्या रकान्यात नुसतं ‘दांडे’ पुरतं.

इंग्रजी पुस्तकं शोधताना स्पेलिंग त्या काळाचं हवं. वडगावला जानेवारी 1779 मध्ये इंग्रजांनी हार मान्य करून तह केला, तो जुन्या इंग्रजी इतिहासांत डब्ल्यू-ए-आर-जी-ए-यू-एम या नावाने आहे आणि महादजी शिंदे ‘सिंदिया’ होऊन बसले आहेत. कार्ले हे ‘कार्ली’ आहे. परदेशी ग्रंथालयांची तऱ्हा आणखी निराळी. अमेरिकेने 1962पासून पी. एल. 480 योजनेखाली भारतातली पुस्तकं, त्यांत मराठीही, आपल्या विद्यापीठांसाठी नेली. तिकडच्या रोमन नोंदींत अकारान्त शब्दाच्या शेवटी ‘ए’ हे अक्षर राखतात, म्हणजे दांडेकरांच्या स्पेलिंगला शेवटी आणखी एक ‘ए’. एवढं माहीत असलं की आपल्या तालुक्यावरचं, इथे कुठेच न मिळणारं पुस्तक शिकागोच्या सूचीत सापडतं.

हे सगळं वाचकाने पाठ करावं ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. ते ओझं वाचकावर पडू नये म्हणून तर बाई दुपारभर कार्डं लिहीत बसत. आज कोहासारख्या मोफत ग्रंथालय प्रणालीत लेखकाच्या अधिकृत नावाला त्याची इतर नावं जोडण्याची सोय आहे, विषयाला विषय जोडण्याची आहे, निबंधांची वेगळी नोंद करण्याचीही आहे. ‘गुणे’ घातलं की ‘कुवलयानंद’ समोर यावेत, इतकं साधं काम. ते रकाने रिकामे आहेत, कारण ते भरायला पुस्तक वाचणारा माणूस लागतो आणि त्याला जगण्याइतका पगार लागतो. वाचनालयाच्या इमारतीला रंग लागला, दर्शनी भागात काच बसली. या माणसासाठी मात्र तरतूद झाली नाही.

‘मावळ’ खणातली बरीचशी कार्डं त्या दशकात मी माझ्या वहीत उतरवून घेतली होती. त्या वहीची छायाप्रत आणि एक पत्र मी वाचनालयाच्या कार्यकारिणीला दिलं आहे. पत्रात दोन मागण्या आहेत: या नोंदी संगणकावर विषयासह चढवाव्यात, आणि त्यासाठी ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या तालुक्यातल्याच एखाद्या मुलीला किंवा मुलाला वर्षभर पगारी नेमावं. कार्यकारिणीची बैठक दिवाळीआधी आहे. मावळातल्या ज्या वाचकांकडे अशी जुनी टिपणं असतील, त्यांनीही ती त्याआधी वाचनालयात पोचवावीत.