पेल्यातल्या पोळ्या

“डॉक्टर, रात्रीचा भात सोडला, पोळ्या निम्म्या केल्या, रोज सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारतो; तरी पोट काही हलत नाही!” अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना एक प्रश्न विचारावाच लागतो, “घेता का?” उत्तर बहुधा ठरलेले असते, “आठवड्यातून दोन-तीनदा. फार नाही.” पोळ्या मोजणारा माणूस पेले मात्र मोजत नाही. तो हिशेब आज मांडून पाहू.

एक ग्रॅम साखरेतून शरीराला 4 उष्मांक मिळतात, तेला-तुपातून 9 आणि मद्यार्कातून 7. व्हिस्की किंवा रमच्या 60 मि.ली.च्या मोठ्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे झाले 140 उष्मांक, जवळजवळ दीड पोळी! साध्या बियरच्या 650 मि.ली.च्या बाटलीतून 250 ते 300 उष्मांक येतात, कडक बियरमधून त्याहूनही जास्त. सोबत मूठ-मूठ करत 50 ग्रॅम खारे शेंगदाणे संपले, तर आणखी 280. पोळीतून निदान प्रथिने आणि चोथा मिळतो; पेल्यातून तेही नाही. उलट अर्धा तास भरभर चालावे, तेव्हा कुठे एक पेग खर्ची पडतो.

दुसरी गोष्ट यकृताची. मद्यार्क शरीराला साठवून ठेवता येत नाही, म्हणून यकृत इतर कामे बाजूला ठेवून आधी त्याचा निपटारा करते. त्याचा वेग तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम. दोन मोठे पेग पचवायला चार ते सहा तास लागतात. तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते आणि जेवणातली चरबी पोटावर व यकृतातही साठत जाते.

“पण आम्ही वाइनच घेतो, ती द्राक्षांची!” हा आपल्या नाशिककरांचा खास युक्तिवाद. द्राक्षे आपल्या मातीतली, वाइनचा उद्योगही 2001 च्या राज्य धोरणानंतर येथे बहरला. त्याचा अभिमान जरूर असावा. परंतु वाइन तयार होताना द्राक्षातल्या साखरेचाच मद्यार्क होतो. 150 मि.ली.च्या एका पेल्यात सुमारे 120 उष्मांक असतात. यकृताला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. मद्य कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे 1988 मध्येच जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा हृदयासाठी म्हणून कोणी वाइन सुरू करू नये. द्राक्षे खावीत!

काहीजण पेगाची भरपाई म्हणून जेवणच टाळतात. हे चुकीचे, आणि इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांसाठी तर धोक्याचे. उपाशीपोटी मद्य घेतल्यास रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घरच्यांना वाटते नशा चढली, आणि रुग्ण बेशुद्ध पडतो.

मग करावे काय? जे घेत नाहीत त्यांनी सुरुवात करू नये. जे घेतात त्यांनी अंदाजाने न ओतता मापाने ओतावे, आठवड्यातले ‘कोरडे’ दिवस वाढवावेत, चकल्या-फरसाणाऐवजी काकडी-टोमॅटो ठेवावे आणि प्रत्येक पेला पोळीसारखा वहीत मांडावा. महिन्याने कंबर मोजा. पुरुषांची 90 सें.मी.च्या व स्त्रियांची 80 सें.मी.च्या आत असावी.

एक इशारा मात्र महत्त्वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने हा लेख वाचून एका रात्रीत सोडू नये. हातपाय थरथरणे, भास, फिट येणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. त्यात लाज कसली? ते दुखणे आहे, आणि दुखण्यावर उपचार असतात.