ट्रॉलीचा तळ

दोन वर्षांपूर्वी कापसाची पहिली वेचणी चालू होती. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात ट्रॉली उभी होती. कापसाची गाठोडी रचायला एक मावशी वर चढल्या आणि त्यांचा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. ट्रॉली उभी होती म्हणून नडगी खरचटण्यावर निभावले. संध्याकाळी याच ट्रॉलीत बसून सगळ्या बायका गावात परतत असत. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही, हे मला ठाऊक होते. तरी वेचणीच्या दिवसांत मी ते चालवून घेत होतो.

ती फळी सागाची होती. बसवून जेमतेम चार पावसाळे झाले होते आणि तिच्यावर मीच हौसेने तैलरंगाचे तीन हात मारले होते. गावातल्या म्हाताऱ्या वाढईबुवांना फळी दाखवली. त्यांनी नखाने तिचा भुगा काढला आणि म्हणाले, "भाऊ, लाकूड काई आपोआप सडत नसते. तुमीच सडवलं थे." त्या एका वाक्याने मला या विषयाच्या मागे लावले.

वऱ्हाडाला हा विषय नवा नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. त्याआधी इथला कापूस बंड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल जात असे, मुंबईकडेही आणि मिर्झापूरकडेही. त्या बंडीत एकच लाकूड सगळीकडे वापरत नसत. आखासाठी लवचीक आणि चिवट धावडा किंवा तिवस, चाकासाठी बाभूळ, साट्यासाठी बाभूळ किंवा साग. ज्या भागावर जसा ताण, तसे लाकूड. ट्रॅक्टर आल्यावर चाके रबरी झाली, सांगाडा लोखंडी झाला आणि ही निवड करण्याची सवय गेली.

आज बहुतेक ट्रॉल्यांचा तळ लोखंडी पत्र्याचा असतो. पत्रा वाईट नाही, पण हिशेब करून पाहावा. १० फूट बाय ६ फुटांच्या तळाला ५ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे २२० किलो भरतो. दीड इंची सागाच्या फळ्या सुमारे १४० किलो आणि बाभळीच्या १७० किलोच्या आसपास भरतात. शिवाय दर्यापूर, अकोट, तेल्हारा हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने ट्रॉली धुतली, वर युरिया आणि शेणखत वाहिले, की पत्रा लवकर गंजतो. फळी खराब झाली तर तेवढी एक बदलता येते; पत्र्याला गॅस कटर आणि वेल्डिंग लागते.

मग लाकूड कोणते? सागाला वाळवी (आमच्याकडची उधई) आणि बुरशी सहसा लागत नाही, हे खरे. पण ते फक्त गाभ्याच्या तपकिरी लाकडाबद्दल खरे. सालीलगतचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी कच्चेच असते. जुन्या मेळघाटी झाडात गाभा मोठा असे. बांधावरच्या कोवळ्या सागात पांढरा भाग बराच निघतो. माझी मोडलेली फळी अर्धी पांढरी होती. मी "साग" हे नाव विकत घेतले होते, गाभा नाही. बांधावरचा साग तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

बाभूळ सागापेक्षा जड, कठीण आणि दगड-विटांचा मार सोसणारी. दोष एवढाच, की ती वाळताना पिळते आणि तिच्या पांढऱ्या भागातील पिठूळ अंशावर भुंगेरे तुटून पडतात. म्हणून जुने लोक बाभळीचे ओंडके काही महिने तळ्यात बुडवून ठेवत. पाण्यात तो अंश झिरपून जातो. नंतर सावलीत, मध्ये पट्ट्या घालून फळ्या रचायच्या. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा वाळवण्याचा ढोबळ हिशेब. तयार प्लायवूड घ्यायचे तर आयएस ७१० चे मरीन किंवा आयएस ४९९० चे शटरिंगचे घ्यावे आणि कापलेल्या कडा बंद कराव्यात.

आता सडण्याचे कारण. लाकूड कुजवणारी बुरशी ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला तरच वाढते. अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशांवर कोणतेही लाकूड खडखडीत वाळते. प्रश्न पावसाळ्यातला आहे, आणि फळी किती भिजते यापेक्षा किती लवकर सुकते याचा आहे. फळीचे आडवे कापलेले टोक पाणी कित्येक पट वेगाने ओढते. मी वरून रंग दिला, टोके आणि बोल्टची भोके उघडी ठेवली. पाणी तिथून शिरले आणि रंगाच्या थराखाली अडकले. बुवांनी विचारले ते हेच, "काऊन रंग मारला वरतून?"

औषधी लाकूडही मिळते. तांबे, क्रोम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाने लाकडात मुरवण्याची पद्धत १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम या भारतीय संशोधकाने काढली आणि ती जगभर गेली. खांबांसाठी ती उत्तम. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत घरगुती वापरासाठी तिचे उत्पादन २००३ अखेर थांबले. ज्या ट्रॉलीत ढेप, कुटार आणि धान्य जाते, तिथे ती नको. तिचे तुकडे चुलीत तर कधीच घालू नयेत. गॅरेजमधले जळके ऑइलही त्याच कारणाने टाळावे.

मी आता जे केले ते साधे आहे. गाभ्याच्या, वाळलेल्या फळ्या घेतल्या. भोके आधी पाडली आणि मगच भोके, टोके, खालची बाजू यांसह सगळीकडे उकळलेले जवसाचे तेल, म्हणजे रंगाच्या दुकानातले बेलतेल, पातळ हाताने तीनदा चोळले. टोकांना ते पिईल तितके पाजले. चॅनेलवर फळी सपाट टेकू नये म्हणून मध्ये रबरी चकत्या घातल्या. दोन फळ्यांत ३ ते ४ मिलिमीटर फट ठेवली. सहा इंची सागाची फळी पावसाळ्यात दोनेक मिलिमीटर फुगते. तूर भरताना खाली ताडपत्री अंथरतो. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. ट्रॉली उभी करताना पुढची बाजू उचलून, फाळका उघडा ठेवतो आणि चाके दगडावर घेतो.

एक सावधगिरी कापूसवाल्यांनी विसरू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या वाळताना तापतात. त्यांचा बोळा करून टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. कापसाच्या गंजीजवळ हे काय करील, ते सांगायला नको. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात.

बायकांसाठी आता मी ऑटो लावतो. पण गाठोडी रचायला मावशी अजूनही ट्रॉलीवर चढतात. चढण्याआधी फळीवर टाचेने दोनदा ठोकून पाहतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. मीही दर वर्षी मृगाआधी पेचकस घेऊन ट्रॉलीखाली आडवा होतो आणि प्रत्येक फळीच्या टोकाला टोचून पाहतो. पेचकस आत गेला, की ती फळी त्याच दिवशी बदलायची.