पंचवीस ग्रॅम, पाच दिवस

२०१५ साली अमेरिकेत काकडी खाऊन ९०७ माणसे आजारी पडली. चाळीस राज्यांत ही साथ पसरली आणि सहा जण दगावले. काकड्या मेक्सिकोतून आल्या होत्या. रुग्णांच्या विष्ठेत सापडलेल्या जिवाणूचे नाव होते साल्मोनेला पूना. हे आपलेच पुणे. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त उपप्रकार माहीत आहेत आणि उपप्रकार जिथे प्रथम सापडला त्या गावाचे नाव त्याला द्यायची रीत होती. हा इंग्रजी अमदानीत पुण्यात सापडला, म्हणून पूना. त्याचा एक भाऊ आहे बरेली. २०१२ साली भारतातून गेलेल्या टूना माशाच्या खरवडीतून अमेरिकेत चारशेहून अधिक लोकांना ज्याने आजारी पाडले, त्यात मुख्य हाच होता.

संपादकांनी अन्नातल्या जंतूंच्या तपासणीवर लिहायला सांगितले, तेव्हा मी सुरुवात इंदुरीपासून केली. तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, इंद्रायणीकाठचे हे मावळातले गाव. गावात दाभाड्यांचा किल्ला आणि कडजाईचे देऊळ. शेजारी तुकोबांचा भंडारा डोंगर, तिथे माघ शुद्ध दशमीला हजारो माणसे प्रसादाला बसतात. पावसाळ्यात कुंडमळ्याला पर्यटक येतात, आणि दोन्ही अंगांना कारखान्यांचे पट्टे असल्याने कामगारांच्या खानावळी बारा महिने चालू. म्हणजे बाहेरचे खाणाऱ्यांच्या ऐन वाटेवरचे हे गाव. भुर्जीच्या गाड्या, कोंबडीची दुकाने, तीस-तीस अंड्यांचे ट्रे, मोठ्या पातेल्यांतला भात. यातले किती अन्न साल्मोनेलासाठी कधी तपासले जाते, हा प्रश्न घेऊन मी पुण्याजवळच्या एका खाजगी अन्नप्रयोगशाळेत गेलो. तिथे ती तपासणीच पाहत बसलो.

नियम थोडक्यात असा: २५ ग्रॅम अन्नात साल्मोनेला ‘अनुपस्थित’ हवा. इतर कित्येक जिवाणूंना अमुक संख्येपर्यंत सूट असते, याला नाही. बऱ्याच पदार्थांसाठी एका घाण्यातून २५ ग्रॅमचे पाच नमुने घ्यायचे आणि पाचांतल्या एकातही तो मिळता कामा नये. आता पंचवीस ग्रॅम चिकन खिम्यात इतर निरुपद्रवी जिवाणू कोट्यवधी असू शकतात. त्यांतला एकटादुकटा साल्मोनेला सूक्ष्मदर्शकाने शोधणे अशक्य. वजनाने, रंगाने, वासाने तो कळत नाही. उपाय एकच, त्याला जगवायचा, वाढवायचा आणि बाकीच्यांना मागे पाडायचे.

पहिल्या दिवशी नमुना जाड प्लास्टिकच्या पिशवीत पडतो. त्यात २२५ मिलिलिटर पेप्टोनचे पाणी ओततात, आणि एका यंत्रातली दोन पाती ती पिशवी आलटून पालटून बडवतात. मग पिशवी अठरा तास ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या शरीराच्या उबेत. या पाण्यात विष नाही, प्रतिजैविक नाही, फक्त खाऊ आहे. मला याचे नवल वाटले, कारण शत्रूला पकडायचे तर त्याला आधी पाहुणचार कशाला? उत्तर पटण्यासारखे आहे. भाजलेल्या, वाळवलेल्या, गोठवलेल्या पदार्थातला साल्मोनेला बहुधा मेलेला नसतो, जखमी असतो. त्याच्या आवरणाला चिरा गेलेल्या असतात. अशा अवस्थेत त्याला कडक द्रावणात टाकले तर तो मरेल आणि अहवालात ‘अनुपस्थित’ असे खोटे उत्तर येईल. पोटात गेल्यावर मात्र तोच जखमी जिवाणू सावरून आजार घडवू शकतो. म्हणून आधी शुश्रूषा.

या शुश्रूषेत पदार्थागणिक पथ्य बदलते, आणि प्रयोगशाळेतल्या माणसांचे कसब इथेच दिसते. लवंग, दालचिनी हे मसाले स्वतःच जंतुनाशक असतात. त्यांना नेहमीच्या दहापट पाण्यात भिजवले तर मसाल्याचा अर्कच साल्मोनेलाला दाबून टाकेल. म्हणून दालचिनीला शंभरपट पाणी लागते आणि लवंगेला हजारपट. कांदा-लसणाच्या पुडीत पोटॅशियम सल्फाइट घालून तिचा उग्रपणा मोडावा लागतो. दूधभुकटी ढवळायची नाही, पाण्यावर भुरभुरून आपोआप भिजू द्यायची. आपला कांदा-लसूण मसाला तपासायला आला की ही सगळी पथ्ये एकत्र आठवावी लागतात. तपासणारा माणूस इथे घाईत असला तर पुढचे चार दिवस वाया जातात आणि ते कुणाला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणचार संपतो. पिशवीतले थोडे पाणी दोन नळ्यांत जाते. एक नळी निळसर असते. तिच्यात मॅलाकाइट ग्रीन हा रंग, भरपूर मॅग्नेशियम क्लोराइड आणि आम्लता असते, आणि तिचे तापमान ४१.५ अंश. या छळात बहुतेक जिवाणू गळतात, साल्मोनेला टिकतो. दुसऱ्या नळीत पित्त, आयोडीन आणि टेट्राथायोनेट नावाचा गंधकाचा क्षार. या दुसऱ्या नळीने मला सगळ्यात जास्त गुंतवले.

टेट्राथायोनेट घातले की साल्मोनेला पुढे सरकतो हे लिओपोल्ड म्युलर यांनी १९२३ सालीच दाखवले होते. प्रयोगशाळा ते वापरत राहिल्या. पण साल्मोनेलाकडे ही कला का असावी, हे कोडेच राहिले. आतड्यात हा क्षार असतो असे कुणालाच वाटत नव्हते. २०१० साली ‘नेचर’मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा निबंध आला आणि उलगडा झाला. साल्मोनेला आतड्याला सूज आणतो. सुजेवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी तीव्र ऑक्सिजनयुक्त रेणू सोडतात. त्या माऱ्यात आतड्यातल्या गंधकाच्या संयुगांचे टेट्राथायोनेट बनते. आपल्या आतड्यातल्या नेहमीच्या बहुतेक रहिवाशांना त्याचा उपयोग नाही. साल्मोनेला मात्र प्राणवायूऐवजी तेच वापरून श्वसन करतो आणि गर्दीत पुढे जातो. शरीराने चालवलेल्या शस्त्रावरच तो पोसतो. म्हणजे ती दुसरी नळी खरे तर सुजलेल्या आतड्याची नक्कल होती, आणि जवळजवळ नव्वद वर्षे ती वापरणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. विज्ञानात हात कधी कधी डोक्याच्या इतके पुढे असतात.

तिसऱ्या दिवशी थाळ्या. लाल रंगाच्या अगारवर नळीतला थेंब तारेच्या कडीने ओढायचा. ही लाल थाळी वेल्टन टेलर या कृष्णवर्णीय अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची, १९६५ सालची. तिची रचना बुद्धिबळातल्या डावासारखी आहे. थाळीत झायलोज, लॅक्टोज आणि सुक्रोज या साखरा असतात, लायसीन हे अमिनो आम्ल असते, गंधक असते, लोह असते. साल्मोनेला आधी झायलोज खातो आणि आम्ल तयार करतो, थाळी पिवळी पडू लागते. झायलोज संपले की तो लायसीनकडे वळतो, आम्लता फिटते आणि रंग परत लाल होतो. मग गंधकातून निघालेला वायू लोहाला भेटतो आणि वसाहतीच्या मध्यभागी काळा ठिपका उमटतो. ई. कोलायसारखे जिवाणू इतर दोन साखराही खात राहतात, त्यांचे आम्ल फिटत नाही, ते पिवळेच राहतात. थाळी उजेडासमोर धरून प्रयोगशाळेतल्या ताई काळे ठिपके पाहतात. शेजारी दोन थाळ्या नेहमी असतात. एकीत ज्ञात साल्मोनेला मुद्दाम पेरलेला, दुसरीत काहीच नाही. पहिली उगवली नाही किंवा दुसरीत काही उगवले, तर त्या दिवसाचे सगळे काम बाद.

ज्या अगारवर हे सारे चालते ते स्वयंपाकघरातून आले. १८८१ साली जर्मन जंतुशास्त्रज्ञ कोख यांच्या प्रयोगशाळेतल्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी ते सुचवले. त्या घरी जेली करायला वापरत. आपल्याकडे उपवासाच्या खिरीत, पुडिंगमध्ये जाणारे चायना ग्रास ते हेच.

काळा ठिपका म्हणजे संशय, सिद्धता नव्हे. दुसरे काही जिवाणूही तशीच सोंगे घेतात. म्हणून चौथ्या दिवशी जैवरासायनिक नळ्या आणि पाचव्या दिवशी काचपट्टीवर रक्तजलाची चाचणी. नमुना स्वच्छ असेल तर तीन दिवसांत सुटका, संशय आला तर पाच किंवा अधिक.

इतिहासाचे दोनच टप्पे सांगतो. १८८५ साली थिओबाल्ड स्मिथ यांनी डुकरांच्या साथीतून हा जिवाणू वेगळा काढला आणि नाव मिळाले त्यांचे वरिष्ठ, पशुवैद्य डॅनियल सॅल्मन यांचे. १८८८ साली ऑगस्ट गेर्टनर यांनी जर्मनीत आजारी गाईचे मांस खाऊन मेलेल्या माणसाच्या प्लीहेत आणि त्याच मांसात तोच जंतू दाखवला. अन्न आणि रुग्ण यांना एका जिवाणूने जोडायचे ते काम तेव्हा सुरू झाले.

तेच काम आज आपल्याकडे अडते. जनुक ओळखणारी पीसीआर यंत्रे आली, दुसऱ्याच दिवशी उत्तर देतात आणि ती हवीतच. पण ती सांगतात ‘आहे’ किंवा ‘नाही’. कुठल्या रुग्णाचा जिवाणू कुठल्या अन्नातला, हे जुळवायला शेवटी जिवंत जिवाणू हातात लागतो. काकडीची साथ पकडली गेली ती रुग्णांचे आणि काकड्यांचे जिवाणू जपून ठेवले होते म्हणून. आपल्याकडे उपप्रकार ओळखायचा तर नमुना हिमाचलातल्या कसौलीला, जनावरांचा असेल तर बरेलीजवळच्या इज्जतनगरला जातो.

दुसरी अडचण गणिताची. समजा, किलोमागे एक जिवाणू एकसारखा पसरला आहे. पाच नमुने मिळून आपण १२५ ग्रॅम तपासतो. तो सापडण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. म्हणजे ‘अनुपस्थित’ हा शिक्का पूर्ण अभय देत नाही. खरी सुरक्षा कारखान्यातल्या आणि शेडमधल्या रोजच्या स्वच्छतेत आहे, तपासणी तिची राखण करते.

तिसरी अडचण मला सर्वांत टोचते. या प्रयोगशाळेकडे येणारे बहुतेक नमुने निर्यातदारांचे आणि मोठ्या कंपन्यांचे. त्यालाही कारण आहे. २००७ ते २००९ या वर्षांत अमेरिकेत आलेल्या मसाल्यांच्या ६.६ टक्के मालात साल्मोनेला निघाला होता. असा माल परत येतो, पैसा बुडतो, म्हणून निर्यातदार तपासून घेतो. त्याच्यासाठी वाशीला २००० सालापासून मसाल्यातले जंतू मारणारे गॅमा किरणांचे संयंत्रही आहे. इंदुरीच्या नाक्यावरच्या कोंबडीला किंवा अंड्याला असे कोणी गिऱ्हाईक नाही. परदेशातल्या खाणाऱ्याच्या पोटाची आपण पाच दिवस काळजी घेतो आणि आपल्या पोरांच्या पोटाची एकही दिवस नाही. हे अन्याय्य आहे.

विषबाधा झाल्यावर तरी शोध लागावा. तोही लागत नाही, कारण पुरावा नाहीसा होतो. जेवण संपताच पातेली घासली जातात. उरलेले अन्न भीतीने फेकले जाते. डॉक्टर आधी प्रतिजैविक देतात, विष्ठेचा नमुना नंतर घेतात किंवा घेतच नाहीत, आणि औषध पोटात गेल्यावर जिवाणू थाळीवर उगवत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३५ ने विषबाधेची माहिती देणे डॉक्टरांना बंधनकारक करण्याचा अधिकार दिला आहे. अधिकार कागदावर असून भागत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये बंदी आणली, कारण साल्मोनेला अंड्याच्या आतही असू शकतो. ही पावले योग्यच. पण कुठल्या पदार्थाने किती घात केला याची मोजणी नसेल तर सरकार नेहमी साथीच्या मागूनच धावणार.

आणि दोष प्रत्येक वेळी साल्मोनेलाचा नसतो. मोठ्या पातेल्यातली आमटी सावकाश निवत राहिली की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे उकळीतून वाचलेले बीजाणू फुटतात आणि तो दर दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरिअस वाढतो. पेढ्यात, खव्यात स्टॅफिलोकॉकसने सोडलेले विष पुन्हा उकळूनही जात नाही. उपाय प्रत्येकाचा वेगळा, म्हणून नेमका कोण होता हे कळणे गरजेचे.

तेव्हा मंगल कार्यालये, वसतिगृहे, खानावळी आणि सप्ताहाच्या स्वयंपाक समित्यांना माझी विनंती आहे. पंगत बसण्याआधी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना उकळून घेतलेल्या डब्यात झाकून, तारीख घालून फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवा. काही झालेच, तर तो डबा धुऊ नका, गोठवू नका, बर्फात ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याच्या हाती द्या. आजारी माणसाच्या विष्ठेचा नमुना औषधाच्या पहिल्या गोळीआधी घ्यायला डॉक्टरांना सांगा. घरी कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांनी जंतू ओट्यावर पसरतात. ती आतपर्यंत वाफाळेल अशी शिजवा. आणि पुणे जिल्ह्यात साल्मोनेलाचा उपप्रकार ओळखणारी एक सरकारी प्रयोगशाळा हवी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरा.