फिरत्या घरांतील विजेचा बंब

तांब्याचा बंब पाणी तापवीनासा झाला, तर कारण शोधण्यास फारशी विद्या लागत नसे. लाकडें ओलीं आहेत कीं नळ काजळीनें भरला आहे, एवढेंच पाहावयाचें. युरोपांत हजारों कुटुंबें ज्या मोटारघरांतून सुटी घालवितात, त्यांतील बंब मात्र इतका सरळ स्वभावाचा नाहीं. म्युनिकजवळील पुट्झब्रुन येथील ट्रूमा कंपनीचा ‘कॉम्बी ई’ हा त्या जातीचा एक परिचित नमुना. एका पेटींत दहा लिटर पाण्याची टाकी, खोली ऊबदार करणारा पंखा, गॅसची ज्योत आणि शिवाय विजेची आंच, असा सगळा संसार तींत मांडलेला असतो. वीज ९०० किंवा १८०० वॉट घेतां येते.

गाडी तळावर उभी केली, खांबावरच्या पेटीला केबल जोडली, बटण दाबलें आणि बराच वेळ गेला तरी पाणी गारच. अशा वेळीं ‘कांडी जळाली’ असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. हा निकाल घाईचा होय. पाणी नुसतें गार राहतें, कीं खांबावरचा रक्षक स्विच खालीं पडतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. हे दोन निराळे रोग आहेत, आणि दुसरा जिवावरचा आहे.

पहिल्या रोगांत प्रथम थोडें गणित करावें. १० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास ९०० वॉटला सुमारें ३५ मिनिटें लागतात, तींहि उष्णता कोठें वाया गेली नाहीं तर. केबल लांब असून दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला असेल, तर शक्ति जवळजवळ एकचतुर्थांशानें घटते; कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. युरोपांतील कांहीं तळांवर केवळ ६ अँपियर प्रवाह मिळतो. १८०० वॉटला जवळजवळ ८ अँपियर लागतात, तेव्हां तेथें ९०० वरच समाधान मानावें लागतें. त्यांतहि चहाची किटली त्याच वेळीं लावली कीं फ्यूज गेलाच.

टाकींत पाणी आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. थंडी सुमारें ३ अंशांवर उतरली कीं गोठून टाकी फुटूं नये म्हणून एक झडप आपोआप उघडते व सारें पाणी खालीं सोडून देते. बिचाऱ्या कांडीचा त्यांत कांहींच अपराध नसतो.

याहून चकविणारी गोष्ट निराळीच आहे. आंच खांबावरच्या विजेची असली, तरी पंखा व नियंत्रण गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतें. बंब चालूं असतांना हा पुरवठा खंडित झाला, तर आंतील उष्णता बाहेर पडत नाहीं आणि अतितापाचा स्विच वीज तोडतो. तो आपण होऊन पुन्हां जुळत नाहीं. केबल खांबावरून काढून, बंब निवूं देऊन, झांकण उघडून लाल बटण दाबावें लागतें. पुष्कळ ‘जळालेल्या’ कांड्या या एका बटणानें जिवंत होतात!

एवढें करूनहि पाणी तापलें नाहीं, तरच मल्टिमीटर हातीं घ्यावा. अर्थात् केबल प्रत्यक्ष काढून, नुसतें बटण बंद करून नव्हे. २३० व्होल्टवर ९०० वॉट घेणाऱ्या कांडीचा रोध सुमारें ५९ ओहम भरला पाहिजे. कांटा मुळींच हलला नाहीं, तर आंतील निकेल-क्रोमियमची तार तुटली असें समजावें.

आतां दुसरा रोग. ही तार धातूच्या नळींत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटींत पुरलेली असते. ही भुकटी कोरडी असेतों उत्तम निरोधक. पण दमट हवेची तिला मोठी हांव. गाडी हिवाळाभर पडून राहिली आणि नळीच्या तोंडाचें सील सैल झालें, कीं ओल आंत शिरते व वीज नळीवर गळूं लागते. ३० मिलिअँपियरची गळती होतांच रक्षक स्विच पडतो. गाडी रबरी चाकांवर उभी असते. तिच्या पत्र्याचा जमिनीशीं संबंध केबलींतील अर्थिंगच्या तारेपुरताच. ती तार तुटलेली असेल व कोणी त्रासून रक्षक स्विचला वळसा दिला असेल, तर सारा पत्राच विजेनें भारला जातो, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभें राहून दार उघडणारें मूल त्याला प्रथम हात लावतें.

म्हणून कांडीच्या दोन्ही तारा सोडवून पाहावें. नुसता एका तारेचा स्विच बंद करून भागत नाहीं, कारण गळती दुसऱ्या तारेवाटेंहि होऊं शकते. दोन्ही सोडविल्यावर स्विच टिकला, तर दोष कांडीकडे. साधा मल्टिमीटर येथें फसवितो. त्याच्या चार-दोन व्होल्टांना ओल दिसतच नाहीं. त्यासाठीं ५०० व्होल्टचा मेगर लागतो, आणि तो जाणत्या कारागिरानेंच, नियंत्रणाची पेटी वेगळी काढून, लावावयाचा असतो. कांडी नवी बसविली, तरी हीच मोजणी पुन्हां करून मगच केबल खांबाला जोडतात.